झिजण्यासाठी घडवलेली शिल्पे : इटलीतील ‘आर्ते सेल्ला’ची वनवाट

उत्तर इटलीतील त्रेंतिनो प्रांतात, बोर्गो वाल्सुगाना या गावाच्या दक्षिणेला सेल्ला नावाची एक अरुंद डोंगरदरी आहे. या दरीतील जंगलात १९८६ पासून देशोदेशीचे कलावंत येऊन शिल्पे उभारीत आले आहेत. फांद्या, खोडे, पाने, दगड आणि माती हे त्यांचे साहित्य आणि जंगल हेच त्यांचे कलादालन. ‘आर्ते सेल्ला’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. ‘आर्ते’ म्हणजे कला. पुढचे नाव दरीचे. येथील शिल्पांना छप्पर नाही, काचेची पेटी नाही, ओलाव्यापासून संरक्षण नाही. ऊन, पाऊस, बर्फ, बुरशी आणि कीटक यांच्या हवाली केलेली ही शिल्पे काही वर्षांत झिजतात, कलतात, कोसळतात आणि मातीला मिळतात. ती झिजावीत, अशीच मूळ योजना आहे.

विचार म्हणून हे सोपे वाटते. व्यवहारात ते तितके सोपे नाही. कोणते शिल्प पडू द्यायचे आणि कोणते सावरायचे, पडलेल्याच्या जागी काय उभारायचे, आणि एखाद्या रात्री जंगलच आडवे झाले तर ‘निसर्गाला आपले काम करू द्यावे’ हे तत्त्व कुठवर पाळायचे, असे प्रश्न गेल्या चार दशकांत या दरीपुढे उभे राहिले. त्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांत आर्ते सेल्लाचा खरा इतिहास आहे.

दरी आणि तिचा भूतकाळ

त्रेंतो शहराच्या पूर्वेला ब्रेंता नदीचे वाल्सुगाना हे खोरे पसरले आहे. बोर्गो हे त्या खोऱ्यातील प्रमुख गाव. तेथून दक्षिणेकडे वर चढणारी सेल्लाची दरी दोन डोंगरांच्या मध्ये वसलेली आहे. उत्तरेस आर्मेंतेरा, तर दक्षिणेस २,३०० मीटरहून अधिक उंचीच्या चिमा दोदिची शिखराची रांग. दरीतील शिल्पांचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवर आहे. बीच, स्प्रूस आणि लार्च या वृक्षांचे दाट जंगल, मधूनमधून गवताळ कुरणे, एक ओढा आणि विखुरलेली घरे असे तिचे रूप आहे.

उन्हाळ्यात खोऱ्यातील गुरे वरच्या कुरणांवर न्यायची, तेथेच राहून दूध काढायचे व चीज करायचे आणि थंडी पडू लागली की खाली उतरायचे, ही आल्प्स पर्वतातील जुनी रीत. कुरणावरील अशा गोठ्याला व दुग्धशाळेला तेथे ‘मालगा’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरे राखणारी कुटुंबे कमी होत गेली, अनेक मालगा ओस पडल्या आणि मोकळ्या कुरणांवर जंगल पुन्हा सरकू लागले. सेल्लाची दरीही याला अपवाद नव्हती.

थंड हवेसाठी बोर्गोतील सुस्थितीतील घराण्यांनी येथे उन्हाळी घरे बांधली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीची घडी बसवणारे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांचे १९ ऑगस्ट १९५४ रोजी याच दरीत निधन झाले. त्याआधीची एक आठवण अधिक कठोर आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत त्रेंतिनो हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा भाग होता आणि वाल्सुगाना ही रणभूमी होती. जून १९१७ मधील ओर्तिगाराची भीषण लढाई या दरीच्या दक्षिणेकडील उंच पठारावर झाली. तोफांच्या माऱ्यात त्या पट्ट्यातील जंगलांची राखरांगोळी झाली. युद्धानंतर अनेक ठिकाणी नव्याने लागवड झाली, ती मुख्यतः झपाट्याने वाढणाऱ्या स्प्रूसची. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या या झाडांचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

कल्पनेची पूर्वपीठिका

निसर्गातच, निसर्गाच्याच साहित्यातून कलाकृती घडवावी, हा विचार १९६० च्या दशकात जोर धरू लागला. इंग्लंडमधील रिचर्ड लाँग याने १९६७ मध्ये एका गवताळ मैदानात पुनःपुन्हा ये-जा करून पावलांनी एक सरळ रेघ उमटवली आणि तिचे छायाचित्र घेतले. गवत पुन्हा उभे राहिले. उरले ते छायाचित्र. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथसन याने १९७० मध्ये युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळ्या बसाल्ट दगडांचा आणि मातीचा सुमारे ४६० मीटर लांबीचा सर्पिल बांध घातला. एकाच प्रवाहातील या दोन कृतींची वृत्ती मात्र परस्परांहून वेगळी होती. लाँग भूमीवर जेमतेम खूण ठेवतो; स्मिथसन यंत्रे लावून भूमीचा आकार बदलतो.

युरोपातील अनेक कलावंतांना पहिली वाट जवळची वाटली. जर्मनीच्या निल्स-उदो याने १९७२ मध्ये चित्रकलेचा कुंचला बाजूला ठेवून थेट झाडे, फळे, फुले आणि माती यांच्याशी काम सुरू केले. १९७८ मध्ये त्याने ल्यूनेबुर्ग भागात माती, दगड, बर्चची खोडे आणि गवत यांचे माणूस मावेल एवढे घरटे रचले. त्याच सुमारास इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रायझडेल जंगलात एक नवा प्रयोग उभा राहिला. १९७७ पासून तेथे शिल्पकारांना काही महिने राहण्यास बोलावून, जंगलात मिळेल त्या लाकडा-दगडातून काम करण्यास सांगितले जाऊ लागले. डेव्हिड नॅश आणि अँडी गोल्ड्सवर्दी यांच्यासारखे कलावंत तेथे राबले. गोल्ड्सवर्दीने १९९० मध्ये उभारलेली, झाडांना वळसे घालत जाणारी चुन्याविना रचलेली दगडी भिंत विशेष गाजली. पर्यटकांनी जंगलात चालत जावे आणि वाटेत अवचित शिल्प भेटावे, ही ‘शिल्पवाटे’ची रचना ग्रायझडेलने रूढ केली. १९८६ मध्ये, म्हणजे आर्ते सेल्ला सुरू झाले त्याच वर्षी, इंग्लंडमधील फॉरेस्ट ऑफ डीन या जंगलातही अशीच वाट आखली गेली.

एका घराच्या बागेतून

सेल्लाच्या दरीतील सुरुवात घरगुती होती. कार्लोत्ता श्ट्रोबेले, एमानुएले मोंतिबेल्लेर आणि एन्रिको फेर्रारी या तिघांच्या चर्चेतून ती झाली आणि श्ट्रोबेले यांच्या दरीतील घराची बाग हेच पहिले प्रदर्शनस्थळ ठरले. दर दोन वर्षांनी कलावंतांना बोलवायचे, त्यांनी दरीत राहून काम करायचे, असा क्रम ठरला. मोंतिबेल्लेर यांनी पुढे दीर्घकाळ कलादिग्दर्शनाची धुरा वाहिली.

आरंभीच काही पथ्ये निश्चित झाली. कलाकृती बाहेरून तयार करून आणायची नाही. ती त्याच जागी, त्या जागेसाठी घडवायची. साहित्य शक्यतो दरीतलेच असावे. कृत्रिम वस्तू आणि कृत्रिम रंग क्वचितच वापरावेत. कलावंताने स्वतःला कलाकृतीचा एकमेव कर्ता मानू नये. त्याने हात थांबवल्यावर पुढचे काम निसर्ग करील, हे मान्य करावे. काम संपल्यावर शिल्प जागेवरच सोडायचे आणि त्याला ऋतुचक्राच्या स्वाधीन करायचे.

बाग अपुरी पडू लागली तेव्हा १९९६ मध्ये आर्मेंतेराच्या दक्षिण उतारावरील जंगलरस्त्याच्या कडेने ‘आर्तेनातुरा’ म्हणजे ‘कलानिसर्ग’ नावाची वाट आखली गेली. येथून उपक्रमाचे रूप पालटले. पूर्वी प्रदर्शन पाहायला लोक येत. आता लोक चालायला येऊ लागले आणि चालता चालता शिल्पे पाहू लागले. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, दरीच्या वरच्या अंगाची मालगा कोस्ता ही जुनी दुग्धशाळा उपक्रमात सामील झाली. जेथे गुरे बांधली जात तेथे प्रदर्शने आणि संगीताच्या मैफली होऊ लागल्या. प्रख्यात चेलोवादक मारिओ ब्रुनेल्लो यांचा या संगीत उपक्रमाशी निकटचा संबंध राहिला आहे. ओस पडू लागलेल्या कुरणाला असा नवा उपयोग मिळाला.

साहित्य आणि त्याचे आयुष्य

निसर्गातील साहित्य म्हटले तरी सर्वांचे आयुष्य सारखे नसते, आणि शिल्पवाटेचा सारा हिशेब या फरकावर चालतो. पाने, गवत आणि शेवाळ यांची रचना एखाद्या ऋतूपुरती टिकते. विणलेल्या कोवळ्या डहाळ्या काही वर्षे तग धरतात. त्यांची साल सुटते, गाठी सैल होतात आणि हिवाळ्यातील बर्फाच्या ओझ्याखाली एखादा भाग बसतो. स्प्रूसचे लाकूड सरळ व हलके असल्याने काम करायला सोपे, पण ओलाव्यात लवकर कुजते. लार्च, ओक आणि चेस्टनट यांचा गाभा कितीतरी चिवट असतो. दगड सर्वांत दीर्घायुषी. त्याच्यावर शेवाळ चढते, पण तो हलत नाही.

लाकूड बहुधा जमिनीलगत आधी कुजते. खोल मातीत हवा कमी आणि वर उघड्यावर ओलावा कमी. जमिनीच्या पातळीवर दोन्ही पुरेसे मिळतात आणि बुरशीला तेवढेच हवे असते. त्यामुळे उंच शिल्प वरून धडधाकट दिसत असतानाच पायाशी पोकळ झालेले असू शकते. पाहणाऱ्याला जे वार्धक्य सुंदर वाटते, ते सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने धोक्याची सूचना असते.

या साहित्याशी खेळण्याच्या रीतीही अनेक. अमेरिकेतील पॅट्रिक डोहर्टी कोवळ्या फांद्या विणून माणसाला आत शिरता येईल अशी घरटेवजा दालने उभारतो. त्याने सेल्लातही काम केले आहे. जपानचे वास्तुविशारद केंगो कुमा यांनी २०१८ मध्ये लार्चच्या जाड फळ्या एकमेकींत अडकवून, खिळ्यांचा आधार न घेता, सुमारे चार मीटर व्यासाचा पोकळ गोलाकार सांगाडा उभारला. त्याचे नाव ‘कोदामा’. जपानी लोकसमजुतीत हा झाडात वसणारा आत्मा. त्याच वर्षी अमेरिकेच्या जॉन ग्रेड याने झाडांच्या मधोमध हजारो पारदर्शक थेंबांचे एक जाळे टांगले. पाऊस पडला की ते थेंब भरतात आणि सारी रचना वजनाने खाली येते; पाणी उडून गेले की पुन्हा वर उठते. येथे पावसाचे काम शिल्प झिजवण्याचे नसून त्याला हलवण्याचे आहे.

झाडांचे कॅथेड्रल

आर्ते सेल्लाचे नाव जगभर पोहोचले ते २००१ मध्ये उभ्या राहिलेल्या एका कलाकृतीमुळे. लोदी परिसरातील शिल्पकार जुलियानो माउरी (१९३८–२००९) याने मालगा कोस्ताजवळच्या कुरणावर ‘कात्तेद्राले वेजेताले’ म्हणजे ‘वनस्पतींचे कॅथेड्रल’ उभारले. गॉथिक चर्चच्या धर्तीवर त्याची आखणी आहे : खांबांच्या रांगांनी विभागलेली तीन लांब दालने आणि वर कमानींचे छत. खांब एकूण ८०. प्रत्येक सुमारे १२ मीटर उंच आणि एक मीटर व्यासाचा. सारी वास्तू सुमारे ८२ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल सुमारे ७६ मीटर लांब आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या हिरव्या वास्तूच्या आवाक्याची कल्पना येते.

मात्र हे खांब म्हणजे खांब नव्हेतच. विणलेल्या फांद्यांचा तो एकेक पिंजरा होता आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या आत हॉर्नबीम जातीचे एक रोप लावलेले होते. पिंजऱ्याने रोपाला सरळ वर वाढायला लावायचे, आधार द्यायचा आणि काळाच्या ओघात स्वतः कुजून त्याच झाडाच्या मुळाशी खत होऊन पडायचे, अशी योजना. रोपे वर्षाकाठी साधारण अर्धा मीटर वाढतील आणि वीसएक वर्षांत पिंजऱ्यांची गरज उरणार नाही, असा अंदाज होता. त्यानंतर उभे राहील ते झाडांचे कॅथेड्रल. माणसाने विणलेले काहीच त्यात शिल्लक नसेल.

हॉर्नबीमची निवड विचारपूर्वक होती. कठीण लाकडाचा, संथपणे पण चिवटपणे वाढणारा हा पानझडी वृक्ष छाटणी उत्तम सोसतो. म्हणूनच युरोपातील बागांमध्ये कुंपणाच्या हिरव्या भिंती आणि कमानी करण्यासाठी तो शतकानुशतके वापरला गेला आहे. शेंड्याकडच्या फांद्या वळवून, छाटून दोन रांगांमध्ये कमान साधायची तर असेच झाड हवे.

या कलाकृतीने आर्ते सेल्लाच्या मूळ तत्त्वाला एक वेगळे वळण दिले. तोवरची शिल्पे झिजत जाऊन नाहीशी होत. येथे झीज आणि वाढ एकाच वेळी चालू होती. कलावंताचा वाटा जसजसा कमी होईल तसतशी कलाकृती पूर्ण होत जाईल, अशी ही रचना होती. माउरीने ती पूर्णावस्थेत पाहिली नाही. २००९ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा झाडे जेमतेम आठ वर्षांची होती. त्याच्या आराखड्यांवरून पुढे बेर्गामोजवळील ओल्त्रे इल कोल्ले येथे २०१० मध्ये आणि लोदी शहरात २०१७ मध्ये अशीच कॅथेड्रले उभारण्यात आली.

पडू द्यावे की सावरावे?

तत्त्वाप्रमाणे पाहिले तर शिल्पाची डागडुजी ही तत्त्वाशी प्रतारणा ठरते. सडलेली फांदी बदलली तर निसर्गाचे काम माणसाने अडवले असे होईल. पण शिल्पवाट ही लोकांच्या चालण्याची जागा आहे. प्रवेशशुल्क घेऊन ज्यांना आत सोडले त्यांच्या डोक्यावर ओंडका पडू देणे हे कोणत्याही तत्त्वात बसत नाही. शिवाय शिल्पे पाहण्यासाठी येणाऱ्यांवर दरीतील खाणावळी, निवासगृहे आणि रोजगार अवलंबून आहेत. सगळीच शिल्पे एकदम मातीला मिळाली तर वाट रिकामी होईल.

यातून मार्ग काढण्याची रीत अनुभवाने रुळली. वाट कधीच पूर्ण होत नाही, हे गृहीत धरायचे. दरवर्षी नवे कलावंत बोलवायचे, जुनी शिल्पे टप्प्याटप्प्याने जाऊ द्यायची. त्यामुळे कोणत्याही वेळी वाटेवर काही ताजी, काही पिकलेली आणि काही मोडकळीला आलेली कामे एकत्र दिसतात. धोकादायक झालेले शिल्प उतरवायचे. उतरवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. बहुधा ते साहित्य जंगलातच परत जाते.

असाच प्रश्न इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये उद्भवला तेव्हा मिळालेले उत्तर येथे सांगण्याजोगे आहे. चेक शिल्पकार माग्दालेना येतेलोव्हा हिने १९८६ मध्ये तेथील टेकडीवर ओकच्या प्रचंड ओंडक्यांची एक रचना उभारली होती. लोकांनी तिला ‘राक्षसाची खुर्ची’ असे नाव दिले आणि ती त्या साऱ्या परिसराची ओळख बनली. जवळपास तीस वर्षांनी लाकूड आतून इतके खचले की तिच्याखाली उभे राहणे धोक्याचे झाले. २०१५ मध्ये ती उतरवण्यात आली आणि त्या जंगलाच्या जुन्या कोळसापाडीच्या पद्धतीने तिचा कोळसा करण्यात आला. लोकांना हळहळ वाटली, पण शेवट त्या भूमीच्या परंपरेला साजेसा होता. गणेशाच्या मातीच्या मूर्तीचे विसर्जन करणाऱ्या समाजाला यातील भाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कॅथेड्रलच्या बाबतीत मात्र प्रश्न उलटा आहे. ते जाऊ द्यायचे नसून वाढवायचे आहे आणि वाढवणे म्हणजे सतत लक्ष देणे. ८० झाडे एकसारखी वाढत नाहीत. एखाद्याला सावली अधिक मिळते, एखाद्याचा शेंडा बर्फाने मोडतो. फांद्या वेळच्या वेळी छाटल्या नाहीत तर दालनांचे आकार पुसले जाऊन काही दशकांत तेथे हॉर्नबीमची साधी राई उरेल. ‘निसर्गाने पूर्ण केलेली’ म्हणून ओळखली जाणारी ही कलाकृती माळ्याच्या हाताशिवाय टिकू शकत नाही.

२९ ऑक्टोबर २०१८

या साऱ्या विचारांची कठोर परीक्षा एका वादळाने घेतली. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस ‘वाया’ नावाचे वादळ ईशान्य इटलीवर आले. काही दिवसांच्या मुसळधार पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती. त्यावर २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दक्षिणेकडून प्रचंड वारा सुटला; काही ठिकाणी त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरपर्यंत पोहोचला. ईशान्य इटलीत सुमारे ४२,००० हेक्टर क्षेत्रावरील जंगलाचे नुकसान झाले आणि ८० लाख घनमीटरहून अधिक लाकूड आडवे झाले. हे क्षेत्र गोवा राज्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक नवमांश भरते. व्हायोलिनसाठी लागणाऱ्या सुरेल लाकडामुळे ख्यातनाम असलेले त्रेंतिनोतील पानेवेज्जोचे जंगलही त्यात सापडले.

सर्वाधिक पडझड स्प्रूसची झाली. या झाडाची मुळे खोल न जाता आडवी पसरतात. भिजलेल्या मातीत त्यांची पकड सुटते. त्यातून अनेक ठिकाणी, शतकापूर्वीच्या युद्धानंतर लावलेल्या एकाच वयाच्या झाडांची दाटी होती. एक झाड पडले की शेजारचे उघडे पडत गेले. वादळानंतर पडलेल्या खोडांत सालकिड्यांची पैदास झाली आणि पुढील काही वर्षांत त्यांनी उभ्या राहिलेल्या स्प्रूसनाही मोठ्या प्रमाणावर ग्रासले.

सेल्लाच्या दरीत मालगा कोस्ताच्या परिसराला मोठा तडाखा बसला. वाटा बंद झाल्या, अनेक शिल्पे मोडली, काही पडलेल्या झाडांखाली गाडली गेली. माउरीचे कॅथेड्रल मात्र बचावले.

येथे तत्त्वाचा पेच सर्वाधिक तीव्र झाला. तीस वर्षे ज्या संस्थेने निसर्गाने शिल्प पूर्ण करावे असे म्हटले, तिने निसर्गाने एका रात्रीत केलेले हे काम स्वीकारायचे की नाही? तत्त्वाने पाहता वारा हाही निसर्गच. पण झीज आणि विध्वंस यांत फरक आहे. झीज वर्षानुवर्षे चालते आणि तिच्याकडे पाहत राहता येते. विध्वंस पाहायला वेळ देत नाही. शिवाय तापणाऱ्या समुद्रांमुळे अशी वादळे अधिक ताकदवान होऊ शकतात, या हवामानशास्त्रज्ञांच्या इशाऱ्यानंतर ‘हा केवळ निसर्गाचा खेळ’ असे म्हणणेही कठीण झाले. माणसाच्या वागण्याचाच काही अंश त्या वाऱ्यात परत आलेला असू शकतो.

संस्थेने दोन्ही टोके टाळली. वाट पुन्हा मोकळी करण्यासाठी लोकांना मदतीचे आवाहन करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी परिसर पर्यटकांसाठी खुला झाला. मोडलेली सर्व शिल्पे जशीच्या तशी पुन्हा उभारण्याचा हट्ट धरला गेला नाही. त्याऐवजी उघड्या पडलेल्या जागेला सामोरी जाणारी नवी कामे मागवण्यात आली.

त्यांपैकी सर्वाधिक चर्चा झाली ती एदोआर्दो त्रेसोल्दी या इटालियन कलावंताच्या ‘सिम्बिओझी’ म्हणजे ‘सहजीवन’ या कलाकृतीची. २०१९ मध्ये उभारलेली ही सुमारे पाच मीटर उंचीची रचना एखाद्या प्राचीन वास्तूच्या भग्नावशेषासारखी दिसते. तारांच्या जाळीत तिचा आकार बांधलेला आहे. खालचा भाग दगडांनी भरलेला, तर वरची जाळी रिकामी. त्यामुळे वास्तू वर जाताना हवेत विरत गेल्यासारखी वाटते. मात्र तिची जाळी धातूची आहे. कृत्रिम साहित्य क्वचितच वापरावे, या जुन्या पथ्यातील ‘क्वचितच’ हा शब्द येथे उपयोगी पडला. वादळानंतरच्या माळावर, काही काळ टिकेल असे काही हवे होते, हे त्यामागचे कारण असावे असे मानायला जागा आहे. आरंभीच्या शिल्पांशी तिची तुलना केली तर चार दशकांत उपक्रमाने आपली पथ्ये किती सैल केली, हेही दिसून येते.

काय उरते?

आर्ते सेल्लाच्या पहिल्या दशकातील बहुतेक शिल्पे आज अस्तित्वात नाहीत. ती छायाचित्रांत आणि प्रदर्शनग्रंथांत आहेत. झिजणाऱ्या कलेच्या बाबतीत छायाचित्र हा केवळ दाखला राहत नाही. पुढच्या पिढीसाठी बहुधा तेवढीच कलाकृती उरते. त्यामुळे शिल्प कोणत्या अवस्थेत टिपायचे, नवे असताना की निम्मे कुजलेले असताना, हाही निर्णयाचा भाग होतो. शिल्पाची झीज मान्य करणारे कलावंतही आपले काम बहुतेकदा ताजे असतानाच टिपतात, ही या क्षेत्रातील एक न बोललेली विसंगती आहे.

दुसरी विसंगती प्रसिद्धीची. फांद्यांचे शिल्प जितके नावाजते तितके लोक ते पाहायला येतात. जितके लोक येतात तितकी वाट तुडवली जाते, झाडांच्या मुळांवरील माती दबते आणि वाहनांची वर्दळ वाढते. निसर्गाशी संवाद साधण्यासाठी आखलेल्या वाटेला स्वतःच्या लोकप्रियतेपासून जपावे लागते. आखून दिलेले मार्ग, ठरावीक वाहनतळ आणि प्रवेशशुल्क हे सारे त्यासाठीच आहे. या शुल्कातूनच नव्या कामांचा आणि देखभालीचा काही खर्च निघतो.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. त्रेंतोहून वाल्सुगाना मार्गे व्हेनिसकडे जाणाऱ्या रेल्वेने बोर्गो वाल्सुगाना गाठता येते. तेथून दरीतील शिल्पांचा परिसर दहा-बारा किलोमीटरवर आहे. कॅथेड्रल मालगा कोस्ताच्या भागात आहे, तर श्ट्रोबेले यांच्या घराची बाग हा उपक्रमाचा मूळ भाग स्वतंत्रपणे पाहता येतो. हिवाळ्यात वाटांवर बर्फ असते आणि हॉर्नबीमची पाने झडलेली असतात. तेव्हा कॅथेड्रलच्या खांबांचा सांगाडा स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात तेच छत दाट हिरवे होते. काही वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील छायाचित्र हाती धरून वाट चालणाऱ्याला त्यातील बरीच शिल्पे सापडणार नाहीत.

कॅथेड्रलच्या झाडांनी आता पंचविशीच्या घरात प्रवेश केला आहे. हॉर्नबीमचे आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असते. माउरी आज नाही, त्याने विणलेल्या पिंजऱ्यांचे काम संपत आले आहे आणि यापुढचे सारे त्या झाडांवर आणि दरवर्षी त्यांच्या कमानी छाटणाऱ्या, शिल्पकार म्हणून ज्यांचे नाव कुठेही लागणार नाही अशा हातांवर अवलंबून आहे.